सिंथेटिक ट्रॅकवर घोडे कमी मरतात, तरी अमेरिकेने ते उखडून का टाकले?

शेवंती_इंदूर · शनिवार, रात्री 9:42

नमस्कार मंडळी. प्रश्न शर्यतीच्या घोड्यांचा आहे पण सुरुवात आमच्या घरातून झाली, म्हणून आधी ते सांगते.

धाकटी लेक दोन वर्षांपासून घोडेस्वारी शिकते आहे. 2023 मध्ये आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हजेलाने हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या) टीमबरोबर सुवर्ण आणलं ना, 41 वर्षांनी घोडेस्वारीत सुवर्ण, त्या दिवसापासून आमच्याकडे हा हट्ट सुरू झाला आणि तो खरा निघाला, पोरगी पहाटे साडेपाचला स्वतः उठून बसते. आता ती जिथे शिकते तिथले सर म्हणताहेत की रिंगणातली साधी वाळू काढून सिंथेटिक टाकायचं, म्हणजे बारीक वाळूत कापडाचे धागे आणि वरून मेणाचा लेप. पालकांनीही थोडा हातभार लावावा असं त्यांचं म्हणणं. पैसे द्यायला ना नाही, पण घोड्याच्या पायाला त्याने खरंच बरं वाटतं का हे कळल्याशिवाय कसे द्यायचे?

म्हणून वाचायला बसले तर कळलं की यातली सगळ्यात जास्त मोजमापं रेसिंगमध्ये झाली आहेत. अमेरिकेत जॉकी क्लब शर्यतीत मेलेल्या घोड्यांची नोंद ठेवतो, 2009 पासूनचे आकडे आहेत. पहिल्या पाच वर्षांत मातीच्या ट्रॅकवर हजार धावांमागे साधारण दोन घोडे गेले, सिंथेटिकवर एकाच्या थोडे वर. गवत या दोघांच्या मध्ये. म्हणजे फरक जवळजवळ निम्म्याचा आहे हो! आणि तरी त्याच काळात कीनलँड, सँटा अनिटा, डेल मार या मोठमोठ्या ठिकाणांनी सिंथेटिक उखडून परत माती टाकली. दुबईच्या मेदाननेही तेच केलं.

माझा साधा प्रश्न आहे, घोडे कमी मरत होते तर काढलं का? काहीतरी असणार जे मला दिसत नाहीये. जाणकारांनी सांगा.

पोहे_जलेबी · रात्री 9:58

वाचतोय. आमचं घर रेसकोर्स रोडवर, रेस मात्र कधी बघितली नाही. जागा राखून ठेवतो.

टर्फवाला · रात्री 10:31

शेवंतीताई, मी मूळचा रामबागचा, आता वीस वर्षं पुण्यात, आणि रेस माझा जीव की प्राण आहे. तिकीट लावतो ते शे-दोनशेचं, पण घोडा पॅडॉकमध्ये फिरताना बघायला जातो.

स्पष्ट सांगतो, मला सिंथेटिक पटत नाही. आपल्याकडे शर्यती गवतावर होतात आणि घोडा हा गवतावर पळणारा प्राणी आहे. आपलं सगळं वेळापत्रकच गवताच्या हिशोबाने बसलेलं आहे, पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई, गवताला विश्रांती मिळते. शर्यतीच्या दिवशी सकाळी पेनेट्रोमीटर लावून जमीन किती कडक किती मऊ ते मोजतात आणि तो आकडा सगळ्यांना सांगतात. आता हा घोडा मऊ जमिनीवर खुलतो, तो कडक जमिनीवर, हे ओळखण्यातच तर मजा आहे. मेण लावलेल्या वाळूवर बारा महिने एकच जमीन, मग बघायचं काय?

आणि हॉकीचं काय झालं ते विसरू नका. 1975 ला आपण गवतावर वर्ल्ड कप जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलला ॲस्ट्रोटर्फ आलं, आपण सातवे. खेळ तोच, नाव तेच, पण खेळ बदलला होता.

शेवंती_इंदूर · रात्री 10:44

दादा, हॉकीत हरलो तर वाईट वाटलं, पण कोणी मेलं नाही. इथे घोडा मरतो. मजा कमी झाली तर चालेल असं मी म्हणेन.

टर्फवाला · रात्री 10:52

ते मान्य. पण तुमचा आकडा माती विरुद्ध सिंथेटिक आहे. आपल्याकडे माती नाहीच शर्यतीला, गवत आहे. त्यामुळे भारतात तो निम्म्याचा फरक लागू होत नाही एवढंच म्हणणं.

सातासमुद्रापार · रविवार, पहाटे 3:15

मी लोकमान्य नगरचा, सध्या मुक्काम इंग्लंडात, लिंगफील्डपासून ट्रेनने अर्धा तास.

इथली गोष्ट अमेरिकेपेक्षा वेगळी आहे. इंग्लंडात मातीचा ट्रॅक कधीच नव्हता, सगळं गवत. पण हिवाळ्यात जमीन गोठते, दगडासारखी होते, मग शर्यती रद्द. म्हणून 1989 च्या ऑक्टोबरात लिंगफील्डच्या रेसकोर्सवर पहिला ऑल-वेदर, म्हणजे सिंथेटिक ट्रॅक सुरू झाला, त्याच वर्षी साउथवेलचा. त्या वेळी इक्विट्रॅक आणि फायबरसँड या जातींचं सिंथेटिक होतं, मग 2001 मध्ये लिंगफील्डने पॉलिट्रॅक ही नवी जात आणली. आता सहा ठिकाणी आहे. म्हणजे इथे सिंथेटिक आलं ते कॅलेंडर भरून काढायला, घोडे वाचवायला नव्हे, आणि गवताच्या शर्यती चालूच राहिल्या म्हणून कोणी उखडायलाही गेलं नाही.

मी स्वतः जानेवारीत गेलो आहे, हात गोठलेले, प्रेक्षक शंभर-दोनशे असतील, पण शर्यती वेळेवर. सुरुवातीला लोक नाक मुरडायचे, हलक्या घोड्यांचं काम म्हणायचे. मग 2016 मध्ये एनेबल नावाची घोडी न्यूकॅसलच्या टपेटावर (हीही सिंथेटिकचीच एक जात) पहिली शर्यत धावली, आणि 2018 ला दुखापतीनंतर परत आली तेव्हा केंप्टनच्या पॉलिट्रॅकवर धावून थेट पॅरिसला जाऊन आर्क ही तिथली मानाची शर्यत जिंकली. त्यानंतर नाक मुरडणारे कमी झाले.

टपेटा म्हणजे लॅटिनमध्ये गालिचा. मायकेल डिकिन्सन नावाच्या ट्रेनरने बनवला, त्याने स्वतःच्या घोड्यांसाठी सुरुवात केली होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. साउथवेल-लिंगफील्डला सुरुवातीच्या वर्षांत याच पृष्ठभागावर हर्डल्सच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या, शर्यतीही ठेवायचे. घोडे इतके पडले आणि मेले की 1994 ला ते बंद करावं लागलं. म्हणजे वाळूत धागे आणि मेण घातलं की घोडा वाचलाच असं नाही, त्यावर तुम्ही काय करायला लावता तेही बघावं लागतं.

सॅन_डिएगोकर · रविवार, सकाळी 7:20

डेल मार माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, त्यामुळे हे सगळं डोळ्यासमोर घडलं आहे, जरा सविस्तर लिहितो.

2006 मध्ये कॅलिफोर्नियाच्या रेसिंग बोर्डाने हुकूम काढला की सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त शर्यती घेणाऱ्या सगळ्या मोठ्या ट्रॅकनी 2007 संपायच्या आत सिंथेटिक टाकायचं. आधीच्या हंगामांत घोडे फार मेले होते, ओरड झाली होती, हेतू शंभर टक्के चांगला होता. पण दीड वर्षात सगळ्यांनी सगळं करायचं, आणि वेगवेगळ्या ट्रॅकनी वेगवेगळ्या कंपन्यांचा माल घेतला. हॉलिवूड पार्कने कुशन ट्रॅक, डेल मारने पॉलिट्रॅक, गोल्डन गेटने टपेटा. एकेका ट्रॅकचा खर्च आठ-दहा मिलियन डॉलर.

सँटा अनिटाची तर दैना झाली. कुशन ट्रॅक टाकला आणि 2008 च्या जानेवारीत पाऊस आला, पाणी मुरेचना, ट्रॅकवर तळं. ज्याची जाहिरातच सगळ्या ऋतूंत चालणारा अशी, त्याच्यावर पावसाने शर्यतींचे दिवस रद्द! मग त्यात प्रो-राइड नावाचं दुसरं मिश्रण घातलं. त्यावर 2008 आणि 2009 चे ब्रीडर्स कप, म्हणजे अमेरिकेतल्या वर्षअखेरच्या सगळ्यात मानाच्या शर्यती झाल्या, आणि 2010 च्या डिसेंबरात परत माती. तीन वर्षांत तीन वेळा खोदाई.

आमच्या डेल मारला वेगळाच त्रास. समुद्र शेजारी, सकाळी धुकं आणि गारवा, दुपारी ऊन. सकाळी सरावाला जो ट्रॅक असायचा तो दुपारी शर्यतीला राहायचाच नाही, कारण मेण तापलं की वागणं बदलतं. ट्रेनर लोक वैतागलेले. मग सँटा अनिटा मातीवर परत गेली, हॉलिवूड पार्क 2013 ला बंदच पडलं, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियात घोडे वर्षभर मातीवर आणि उन्हाळ्याचे काही आठवडे फक्त डेल मारला पॉलिट्रॅकवर. हे घोड्याच्या पायालाही चांगलं नव्हे. 2015 ला डेल मारने माती टाकली, 2017 ला ब्रीडर्स कप मिळाला.

ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर, कल्पना चुकीची नव्हती. घाई चुकीची होती. कॅलिफोर्नियाच्या उन्हात काय टिकेल हे बघितलंच नाही.

पोहे_जलेबी · सकाळी 8:05

मेण तापलं की वागणं बदलतं म्हणताय, मग इंदूरच्या मे महिन्यात 43 डिग्रीला काय होईल? शेवंतीताईंच्या रिंगणात वातीच लावून टाका, दिवाळी होईल.

शेवंती_इंदूर · सकाळी 8:17

हसले, पण प्रश्न बरोबर आहे तुमचा. सरांना विचारायच्या यादीत पहिला लिहून घेतला.

महूचा_डॉक्टर · सकाळी 11:40

मी पशुवैद्य आहे, महूच्या कॉलेजातून शिकलो, घोड्यांवर बरीच वर्षं काम केलं. दोन-तीन गोष्टी नीट समजून घेऊ या.

घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा. ताशी साठ किलोमीटरने पळताना एका क्षणी सगळा भार एका पुढच्या पायावर येतो, आणि तो नुसता वजनाएवढा नसतो, अडीच पटीच्या आसपास जातो. खुराच्या वरचा सांधा, ज्याला फेटलॉक म्हणतात, तो इतका वाकतो की मागची बाजू जमिनीला टेकायला येते. हे तुम्ही फोटोत बघा, बघवत नाही. प्रत्येक उडीला हे होतं.

आता बहुतेक लोकांना वाटतं की शर्यतीत घोड्याचा पाय अचानक मोडतो. तसं फार कमी वेळा होतं. पाय मोडून गेलेल्या घोड्यांची हाडं तपासली तर बऱ्याचदा त्याच जागी जुन्या बारीक भेगा सापडतात, आठवड्यांपूर्वीच्या, महिन्यांपूर्वीच्या. हाड जिवंत असतं, ताण पडला की ते झिजलेला भाग काढून नवा भरतं, पण त्याला वेळ लागतो. वेळ न देता पळवत राहिलं की एक दिवस तुटतं. पृष्ठभागाचा संबंध इथे येतो. कडक, असमान जमिनीवर प्रत्येक पावलाला थोडा जास्त धक्का, आणि असे हजारो धक्के साचतात. सिंथेटिकवर धक्का कमी बसतो आणि मुख्य म्हणजे ट्रॅक सगळीकडे सारखा असतो. मातीत पाऊस पडला की एक कडा कडक, एक मऊ, आणि घोड्याला पुढचं पाऊल कसं पडेल याचा अंदाज राहत नाही.

मग तोटा? खूर जमिनीवर पडल्यावर किंचित पुढे घसरतो, त्या घसरण्यात थोडा जोर विरतो. मातीवर तो घसरतो. सिंथेटिकवर पकड जास्त, खूर लवकर थांबतो. त्यामुळे मागच्या पायाच्या आणि स्नायू-कंडरांच्या तक्रारी वाढल्या असं अमेरिकेतले अनेक ट्रेनर सांगत. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, रोज घोडा हाताळणाऱ्याला कळतं. पण लंगडणाऱ्या घोड्यांची मोजणी मेलेल्या घोड्यांइतकी नीट कोणी ठेवली नाही.

आणि ताई, तुम्ही दिलेल्या आकड्यात एक मर्यादा आहे. त्यात शर्यतीतल्या दुखापतीने 72 तासांत मेलेला घोडा धरतात. सकाळच्या सरावात मेलेला त्यात येत नाही. तरी माझं मत विचाराल तर इतकी वर्षं, इतक्या धावांमध्ये फरक एकाच दिशेला दिसतोय, तेव्हा तो खरा आहे.

टर्फवाला · दुपारी 12:22

डॉक्टरसाहेब, उत्तम लिहिलंत. पण मग माती सुधारली तरी चालेल ना? सिंथेटिकच कशाला?

सॅन_डिएगोकर · रात्री 8:50

चालेल, आणि चाललं. डेल मारला मातीवर परत आल्यावर 2016 च्या उन्हाळ्यात घोडे पटापट गेले, पेपरात रोज बातमी. मग त्यांनी ट्रॅकची माती, सरावाला किती घोडे एका वेळी सोडायचे, शर्यतीआधीची डॉक्टरी तपासणी, सगळं बदललं. पुढच्या वर्षांत त्याच मातीवर डेल मार देशातल्या सुरक्षित ट्रॅकमध्ये गणला जाऊ लागला. पूर्ण अमेरिकेचा आकडाही 2009 ला हजारी 2 होता तो 2022 ला 1.25 वर आला, आणि तोवर बहुतेक मोठे ट्रॅक मातीचेच होते.

पण याच्या उलटही आहे. सँटा अनिटा, मातीवर परत गेलेली, 2018-19 च्या हंगामात शर्यत आणि सराव मिळून 30 घोडे गेले. पाऊस खूप झाला होता.

देवासकर · रात्री 9:30

मला रेसमधलं ओ की ठो कळत नाही, आमची शेती आहे देवासकडे, सोयाबीन आणि गहू. पण हे वाचताना मला सारखं वाटत होतं की तुम्ही सगळे वाफशाबद्दल बोलताय!

आमची काळी माती घ्या. पाऊस पडला की ट्रॅक्टर रुतणार, आठ दिवस ऊन पडलं की हाताच्या रुंदीच्या भेगा. या दोघांच्या मध्ये दोन-तीन दिवस असे असतात की मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचलं तर भुगा होतो. तो वाफसा. तेव्हाच वखर घालायची. वाफसा यायच्या आधी घातली तर ढेकळं, नंतर घातली तर फाळ वर उड्या मारतो. आता रेसचा ट्रॅक म्हणजे घोड्यासाठी कायम वाफशात ठेवलेलं रान, बरोबर ना? मातीत ते पाण्याने ठेवावं लागतं, रोज पाणी, रोज कुळवणी. तुमच्या सिंथेटिकमध्ये पाण्याचं काम मेण करतं, ते उडून जात नाही. एवढाच सगळा खेळ दिसतो.

पण माझी शंका अशी, मेण म्हातारं होणार की नाही? धागे तुटणार की नाही? शेतात दर वर्षी शेणखत घालतो तसं यात दर वर्षी काय घालायचं?

महूचा_डॉक्टर · रात्री 9:48

देवासकर, वाफसा! इतक्या वर्षांत मला हा शब्द इथे वापरायचं सुचलं नाही. अगदी तेच आहे.

आणि शंका शंभर टक्के रास्त. मेण उन्हाने झिजतं, वाळू खुरांखाली दळून बारीक होते, धूळ आणि लीद मिसळते, मग पाणी खाली जायचे रस्ते बुजतात. मेण परत द्यावं लागतं, खालपासून वर उलटून फणी मारावी लागते. सुरुवातीला याला देखभाल लागतच नाही म्हणून विकलं गेलं, आणि लोकांनी ते खरं मानलं, निम्मं नुकसान तिथेच झालं.

अलका_वैशालीनगर · रात्री 10:10

मला वेगळंच खटकतंय. कार्पेटचे धागे, रबराचा चुरा, मेण, आणि ते सगळं घोड्यांच्या खुरांनी उडतं. मागच्या घोड्याच्या आणि जॉकीच्या नाकातोंडात जातं. आपण शहरात सहा डबे लावून कचरा वेगळा करतो, इंदूर इतक्या वर्षांपासून स्वच्छतेत पहिलं, आणि इथे प्लास्टिक जमिनीत कालवून त्यावर मुलं घोडे पळवणार? जुनं झालं की ते कुठे टाकणार?

सातासमुद्रापार · सोमवार, पहाटे 2:40

अलकाताई, मुद्दा बिनतोड आहे. उडण्याबाबत एवढंच की मातीपेक्षा यात कमी उडतं, मातीच्या शर्यतीनंतर जॉकी बघा, डोळ्यांवर चार-पाच गॉगल एकावर एक घातलेले असतात, एक भरला की खाली ओढायचा. पण जे उडतं ते प्लास्टिक आहे हे खरंच.

टर्फवाला · सोमवार, सकाळी 9:05

आता मूळ प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर मी देतो, कारण ते कोणी दिलं नाही. घोडं पेंड खातं ते पैशापाशी.

अमेरिकेत सगळ्यात मोठी शर्यत केंटकी डर्बी, ती मातीवर. ब्रीडिंगचे घोडे मातीच्या शर्यती जिंकूनच महाग होतात. आता कीनलँडची ब्लू ग्रास ही डर्बीच्या आधीची मानाची शर्यत, ती 2007 ला पॉलिट्रॅकवर गेली आणि गवतावर पळणारे घोडे जिंकायला लागले. 2007 ला स्ट्रीट सेन्स तिथे अगदी नाकभर हरला आणि तीन आठवड्यांनी मातीवर डर्बी जिंकला. मालक म्हणायला लागले की मग ब्लू ग्रास धावायचीच कशाला. 2014 ला कीनलँडने माती परत आणली. मेदानचंही तसंच, 2010 ला टपेटा टाकला, दुबई वर्ल्ड कपला अमेरिकन घोडे येणं आटलं, 2015 ला माती, आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया क्रोम येऊन जिंकला.

पंटर लोकांचाही राग. घोड्याचा मातीवरचा फॉर्म बघून पैसे लावायचे आणि सिंथेटिकवर तो चौथा. 2008 च्या ब्रीडर्स कपला कर्लिन या नावाजलेल्या घोड्याचं तसंच झालं.

म्हणजे शेवंतीताई, उखडलं ते घोड्यांसाठी नव्हे. माझ्या बाजूच्या लोकांनीच उखडलं, हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण खरं आहे ते.

शेवंती_इंदूर · सकाळी 9:33

दादा, हे तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

सॅन_डिएगोकर · सकाळी 9:50

टर्फवाला यांना एक पुरवणी. सिंथेटिकवाले घोडे मातीवर चालत नाहीत हा समजही पूर्ण खरा नाही. झेन्याटा ही घोडी घ्या, बहुतेक विजय सिंथेटिकवर, 2009 ला ब्रीडर्स कपची क्लासिक ही मुख्य शर्यत जिंकली, ती जिंकणारी पहिली घोडी, मी तो दिवस सँटा अनिटाला उभा राहून बघितलाय, शेवटून आली आणि सगळ्यांना मागे टाकून गेली, शेजारचा अनोळखी म्हातारा माझ्या गळ्यात पडून रडला. लोक म्हणायचे मातीवर दाखव. आर्कान्सामध्ये मातीवर दोनदा जिंकली होती ती. वीस शर्यतींत एकच हरली, 2010 ला मातीवर, डोक्याएवढ्या अंतराने.

आणि ॲनिमल किंगडम, 2011 ची डर्बी जिंकला तेव्हा त्याआधी शर्यतीत मातीवर पाय ठेवला नव्हता. केंटकीतल्या टर्फवे रेसकोर्सच्या पॉलिट्रॅकवरून आला होता. 2022 ला 80 च्या भावाने जिंकलेला रिच स्ट्राइकसुद्धा टर्फवेला धावून आलेला.

सयाजीगंज · सकाळी 11:15

बडोद्याहून डोकावतोय. आमच्याकडेही रेसकोर्स रोड आहे आणि रेस नाही, तुमच्यासारखंच :)

अवांतर आहे पण राहवत नाही. 1943 ला पहिली इंडियन डर्बी जिंकली ती प्रिन्सेस ब्यूटिफुल आमच्या बडोद्याच्या महाराजांची. प्रतापसिंहराव महाराजांनी इंग्लंडात 28,000 गिनी देऊन एक शिंगरू घेतलं, त्या वेळी विक्रमी किंमत, नाव ठेवलं सयाजीराव, आजोबांचं. तो 1947 ला इंग्लंडची सेंट लेजर ही मानाची शर्यत जिंकला. पुढच्या वर्षी त्यांचाच माय बाबू हा घोडा टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकला. सगळं गवतावर, टर्फवाला खूश होतील.

पोहे_जलेबी · सकाळी 11:21

घोड्याचं नाव सयाजीराव! इंग्रज कॉमेंट्रीवाल्याने ते कसं उच्चारलं असेल हे ऐकायला मी पैसे देईन.

जुनी_इंदूर · दुपारी 4:02

तुम्ही सगळे मिलियन डॉलरच्या ट्रॅकवर बोलताय, चांगलंच आहे, पण लग्नसराईत आपल्या शहरात रात्री उतरून बघा. घोडी डांबरावर, पेव्हर ब्लॉकवर, गुळगुळीत फरशीच्या मॅरेज गार्डनमध्ये, नाल लोखंडाची, समोर बँड, वर नवरदेव. मी लहानपणी टांग्यांच्या काळात राजवाड्यापाशी एक घोडा घसरून पडलेला बघितला आहे, पावसाचे दिवस होते, तो उठायचा प्रयत्न करायचा आणि पाय परत सटकायचे. टांगेवाल्याने आपल्या अंगातला कोट काढून त्याच्या खुरांखाली टाकला, मग तो उठला. साठ वर्षं झाली, तो कोट अजून डोळ्यांसमोर आहे. पृष्ठभाग म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांना विचारतो, वरातीच्या घोड्यांसाठी काही होऊ शकतं का?

महूचा_डॉक्टर · संध्याकाळी 6:30

काका, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही.

होऊ शकतं. डांबरावर रबरी किंवा रबर बसवलेली नाल लावता येते, पकड चांगली मिळते आणि धक्काही कमी. मॅरेज गार्डनवाल्यांनी घोडी येते त्या वाटेवर जाड तागाचं बारदान किंवा रबरी मॅट टाकली तरी पुष्कळ. आपल्यातल्या ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी एवढी एक अट घोडीवाल्याला आणि हॉलवाल्याला घालावी.

देवासकर · संध्याकाळी 6:41

डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे, नवरदेवाकडच्यांना आजच फोन करतो. बारदान आमच्याकडून.

शेवंती_इंदूर · संध्याकाळी 7:15

तीन दिवसांत इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता माझ्या रिंगणाचं सांगा. पोरं काही साठच्या वेगाने पळवत नाहीत. ट्रॉट (दुडकी चाल), कँटर (त्याहून जोरात, पण भरधाव नव्हे), लहान अडथळे. सरांना नेमकं काय विचारू?

महूचा_डॉक्टर · संध्याकाळी 7:52

आधी वरचा थर विसरा आणि खालचं विचारा. पाणी कुठून जाणार? खाली खडीचा थर किती जाड, उतार किती, नळी कुठे निघते. सँटा अनिटाचं उदाहरण वर आहेच, निचरा बिघडला तर वरती सोनं टाकलं तरी व्यर्थ, आणि आपल्याकडे खाली काळी माती आहे, ती फुगते आणि आकसते, तिला बांधून घेतल्याशिवाय काही टाकूच नये.

दुसरं, वाळू. कोपरे असलेली धुतलेली सिलिका हवी. नदीची गोल वाळू पायाखालून गोट्यांसारखी सरकते.

तिसरं, मेण आपल्या उन्हाला चालणारं आहे का. नसेल तर बिनमेणाची वाळू-धाग्याची जातही मिळते, तिला पाणी मारत राहावं लागतं. रिंगणाला शेड असेल तर गोष्ट वेगळी.

चौथं, रोज फणी कोण मारणार, त्याचं नाव सांगा म्हणावं. कडेने घोडे तीच वाट धरतात, तिथे चर पडतो.

आणि घोड्याला विचारायचं असेल तर त्याच्या मागे चालत जाऊन खुराचा ठसा बघा. ठशाची कड शाबूत आणि तळ घट्ट असेल तर ठीक. ठसा उमटलाच नाही तर कडक. खूर पूर्ण बुडून कडा ढासळल्या तर खोल, तिथे कंडरांना त्रास. आणि टाचेमागे लांब ओरखडा असेल तर घसरतोय.

अलका_वैशालीनगर · रात्री 8:20

पाचवं, जुना माल परत कोण नेणार हे लेखी घ्या.

टर्फवाला · रात्री 8:34

+1. आणि माझाही एक विचार बदलला. गवत असेल तिथे मी गवताच्याच बाजूने, पण सराव रोजचा असतो, शर्यत कधीतरी. डॉक्टर म्हणतात तसे धक्के साचतात ते सरावात. भारतात सरावासाठी चांगला सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर मी विरोध करणार नाही.

शेवंती_इंदूर · तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी 10:10

धागा वर काढते आहे. मधल्या पावसात मी मुद्दाम रिंगणावर जाऊन उभी राहिले. पूर्वेकडच्या कोपऱ्यात टाचेपर्यंत पाणी, दोन दिवस तसंच. लेकीच्या घोड्याचं नाव मोगरा, त्याच्यामागे चालत ठसे बघितले. मधोमध कड सुंदर उभी, कोपऱ्यात ठसा अख्खा ढासळलेला, आणि तिथून वळताना दोन ठिकाणी लांब ओरखडा. फोटो काढून सरांना दाखवले. ते रागावतील वाटलं होतं, पण खाली बसून स्वतः बोटाने मोजायला लागले.

ठरलं असं की यंदाचे सगळे पैसे खाली जातील. काळी माती दोन फूट काढून मुरूम आणि खडी, उतार, नळ्या. वर तूर्त धुतलेली सिलिकाच. धागे-मेणाचं पुढच्या वर्षी, एक उन्हाळा बघून. फणी मारायला लोखंडी चौकट बनवली आहे, मंगळवार-शुक्रवार पालकांची पाळी. माझी पाळी शुक्रवारी.

देवासकर · सकाळी 10:26

मुरूम टाकला की लगेच वर वाळू ओतू नका ताई, एक पाऊस जाऊ द्या, बसू द्या. रोलर हवा असेल तर माझ्याकडे आहे, ट्रॉलीत घालून आणतो. कुठल्या दिवशी यायचं ते कळवा.